शुक्रवारची जोडी

गार्थवेन, उत्तर वेल्स
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९७८

प्रिय जर्व्हेस यांस,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, पण त्याबद्दल माफी मागत नाही. मुरिएलची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, उगाच जिने चढउतर करू नकोस. तिने पाठवलेली फुलं चॅपलमध्ये ठेवली होती. थंडीमुळे पुष्कळ दिवस टिकली.

इकडे बर्फ अजून हटायचं नाव घेत नाही. कोंबड्यांनी संप पुकारलाय, एक अंडं द्यायला तयार नाहीत. शेजारपाजारच्या बायका मात्र रोज काही ना काही आणून देतात. माझ्या एकटीच्या घरात या घडीला चार केक आणि एक अख्खं हॅम पडलंय. इद्वल असता तर म्हणाला असता, "मेल्यावर एवढं खायला मिळतं हे माहीत असतं, तर आधीच उरकलं असतं!"

अंत्ययात्रेला तुम्ही आला होतात. मी पाहिलं. हॅट हातात घेऊन चॅपलच्या मागच्या दाराशी उभे होतात, आणि चहाला न थांबता निघून गेलात. आमच्याकडे बायका कबरीपर्यंत जात नाहीत, घरी राहून पाहुण्यांसाठी पाव कापतात. मी गेले. पास्टरांच्या बायकोने हात धरला तर तिला म्हटलं, "माझा नवरा आहे, मीच पोचवणार." तुम्ही थांबला असतात तर तुमच्याशीही बोलले असते. काय बोलले असते कोण जाणे. कदाचित न थांबलात तेच बरं झालं.

तुम्ही लिहिता की सभागृहाने आपला सर्वांत सरळ माणूस गमावला. सभागृहाने काय गमावलं ते सभागृह जाणे. माझ्या घरातला खोकला गेलाय. वीस वर्षं त्या आवाजाने माझी झोप मोडायची, आणि आता तो नाही म्हणून झोप लागत नाही. मधेच भिंतीपलीकडून गेथिन खोकतो. अर्धवट झोपेत मला वाटतं इद्वलच आहे, मी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे करते, आणि मग कळतं. फार वाईट असतं ते कळणं.

गेथिन म्हणजे आमचा शेजारी. तुम्ही त्याला एकदा भेटला आहात. उन्हाळ्यात आला होतात तेव्हा त्याने तुम्हाला त्याच्या बागेतले कांदे दाखवले होते. तो आणि इद्वल चौदाव्या वर्षी एकाच सकाळी खाणीत उतरले. पाटीचा दगड फोडायचा, धूळ गिळायची, संध्याकाळी चॅपलमध्ये गायचं. इद्वल पुढे युनियनमध्ये गेला, मग खासदार होऊन लंडनला. गेथिन दगडच फोडत राहिला. आता त्याची खाट खाली स्वयंपाकघरात आणली आहे, कारण जिना चढवत नाही. कांदे कोणी लावत नाही.

इद्वलचं विधेयक काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी लिहिते, कारण लंडनमध्ये बसलं की माणसं विसरतात. ज्या खाणींनी ही फुप्फुसं दगड केली त्या बंद पडल्या, मालक गेले. आता भरपाई मागायची कोणाकडे? म्हणून सरकारने द्यावी. बस, एवढंच. यात कुठला पक्ष आणि कुठलं तत्त्वज्ञान? पण दर वेळी काहीतरी निघालं. एकदा सरकारला सवड नव्हती. एकदा म्हणे निवडणूक लागेल, तेव्हा थांबा. एकदा आमच्याच मंत्र्यांनी ते बाजूला ठेवलं, कारण दुसऱ्या कुठल्याशा मतदानासाठी कुणाचा तरी पाठिंबा हवा होता. मी काही फक्त तुमच्या पक्षावर रागावलेली नाही. आमचेही पुढारी इथे आले होते, डोक्यावर हेल्मेट घालून फोटो काढून गेले. हेल्मेट इद्वलचं होतं.

गेथिन परवा विचारत होता, "काय गं नेस्टा, ती सहाशे माणसं दिवसभर करतात तरी काय?"

म्हटलं, "एका दारातून आत जातात, कोणीतरी मोजतं, दुसऱ्या दाराने बाहेर येतात."

"म्हणजे आपल्या मेंढ्यांसारखंच की. पण मेंढ्या लोकर तरी देतात!" आणि हसता हसता त्याला असा खोकला आला की त्याची बायको धावत आली आणि मलाच ओरडली.

आता त्या शुक्रवारबद्दल. तुमच्या पत्रात तुम्ही 'तो दुर्दैवी दिवस' म्हणून एका ओळीत उरकलंत. मलाही टाळायचं होतं. तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तीन वेळा हवापाणी लिहून उठले.

तुमच्या आणि इद्वलच्या जोडीचं गावात सगळ्यांना नवल वाटायचं. एकाने एका बाजूला मत द्यायचं, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला, मग एकाला जमणार नसेल तर दुसऱ्यानेही जायचं नाही, म्हणजे फिट्टंफाट. तो निवडून आला त्या पहिल्याच हिवाळ्यात तुमचा एडमंड जन्मणार होता आणि मुरिएल अडली होती. तुम्ही चहाच्या खोलीत एका अनोळखी खाणकामगारासमोर येऊन उभे राहिलात. तो मला सांगायचा, "कपडे राजासारखे आणि चेहरा हरवलेल्या पोरासारखा. म्हटलं, जा साहेब, घरी जा, मी इथेच बसून चहा पितो." त्या रात्री आमची बाजू हरली. प्रतोदांनी त्याला नको नको ते ऐकवलं. तुमची आई गेली तेव्हाही तसंच झालं. तो घरी येऊन म्हणाला, "शब्द दिला होता ना, मग झालं तर." यावर पुन्हा कधी बोलला नाही, आणि मी हे लिहिलं हे त्याला आवडलं नसतं.

म्हणून तो इस्पितळात होता आणि त्याच्या विधेयकावर मतदान ठरलं, तेव्हा मी निर्धास्त होते. नर्सला म्हटलंसुद्धा, "याची जोडी आहे, याला कुठे जायचं नाही." मग आदल्या दिवशी फोन आला. दोन्ही पक्षांचं भांडण झालंय, सगळ्या जोड्या रद्द, एकेक मत हवंय, आणता येईल तर आणा. डॉक्टर नाही म्हणाले. इद्वल म्हणाला, "डॉक्टर, तुमचं ऐकून मी आणखी किती दिवस जगेन?" डॉक्टरांनी कागदावर सही केली.

अॅम्ब्युलन्सने आम्ही पहाटे निघालो. वाटेभर तो माझा हात धरून होता, आणि दर खड्ड्याला पकड घट्ट व्हायची. लंडनमध्ये सभागृहाच्या अंगणात गाडी लावली. आजारी माणसाला आत जायला नको, तो आवारात आणि जिवंत असला की पुरे, त्याचं मत धरतात. ते बघायला दोन्ही पक्षांचा एकेक माणूस आला. तुमच्याकडचा अगदी कोवळा होता. दारातून डोकावला आणि लाजून खाली बघायला लागला.

इद्वल त्याला म्हणाला, "नीट बघ रे बाबा. हवं तर चिमटा काढ. नंतर म्हणायला नको की वेल्सवाल्यांनी प्रेत आणलं."

तो पोरगा बिचारा रडायचाच बाकी होता.

इद्वलने मला वर प्रेक्षकांच्या सज्ज्यात पाठवलं. "तू जा. डोळ्यांनी बघ आणि मला येऊन सांग." म्हणून मी तिथे होते, जर्व्हेस. तुम्ही वर पाहिलं नाहीत. मी तुमच्या बरोबर समोर बसले होते.

आमच्या विधेयकाच्या आधी मधाच्या बाटल्यांवर काय छापावं याचं एक किरकोळ विधेयक होतं. तुम्ही उभे राहिलात. मला आधी बरं वाटलं, ओळखीचा माणूस म्हणून. तुम्ही मधमाश्यांबद्दल बोललात. आजोबांच्या पेट्या, राणीमाशी, क्लोव्हरच्या फुलांचा मध आणि हेदरच्या फुलांचा मध. किती छान बोलता तुम्ही! लोक हसत होते. माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली, आणि देवाशपथ सांगते, सुरुवातीला मीही हसले. मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मग तुमच्या बाकांवरच्या लोकांकडे, तेही घड्याळाकडेच बघत होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लोकांनी तुमचं बोलणं थांबवायची सूचना दिली, ती सभापतींनी घेतली नाही. चार वाजले, घंटा झाली, कामकाज संपलं. आमचं विधेयक आलंच नाही. तुम्ही अर्ध्या वाक्यात खाली बसलात.

तुम्ही का केलंत ते मी जाणते. तुमच्या प्रतोदांनी म्हटलं असेल, मत देऊ नकोस हवं तर, फक्त बोल. तुम्हाला वाटलं असेल, मतदानच झालं नाही तर दिलेला शब्दही मोडला नाही. होय ना? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "मी त्याच्याविरुद्ध मत दिलं नाही, एवढं समाधान आहे." ती वाचून मी पत्र चुलीत घालायला उठले होते. घातलं नाही, कारण त्या ओळीखाली तुम्ही काहीतरी लिहून इतकं गिरवून खोडलंय की कागद फाटलाय. जो माणूस कागद फाटेपर्यंत खोडतो, त्याला समाधान नसतं.

खाली आले. तो उशीवरून डोकं उचलून बघत होता.

"काय झालं?"

"झालंच नाही. वेळ संपली."

"कोण बोलत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "जर्व्हेस," मी म्हटलं.

"कशावर?"

"मधमाश्यांवर."

तो हसला. खरंच हसला, धाप लागेपर्यंत. "मग चांगलाच बोलला असणार," म्हणाला. नर्सने त्याच्या नाकावर ऑक्सिजन धरला. शहर मागे पडल्यावर त्याने डोळे न उघडता मला सांगितलं, "नेस्टा, त्याच्यावर दात धरू नकोस. त्यालाही कोणीतरी ढकललंच असेल." एवढंच. त्यानंतर त्याने विधेयकाचं नाव काढलं नाही. गेथिन भेटायला आला, दोघं जुन्या खाणीतल्या गप्पा मारत बसले, तेव्हाही नाही. त्याने रागावावं, शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. पण आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडला ते तो न बोलता सोडून गेला, आणि ते बघणं मला त्याच्या मरणापेक्षा जड गेलं.

त्याने सांगितलं तरी मी दात धरला. अजून धरलाय. मी त्याच्याइतकी चांगली नाही.

विधेयक पुन्हा येतंय हे तुम्हाला माहीत आहे. या शुक्रवारी, आणि या वेळी यादीत पहिलं, त्यामुळे मधमाश्या मधे येऊ शकत नाहीत. मतदान होणारच. आमचे लोक सांगतात, सगळे आले तर दोन्ही बाजूंची मतं अगदी सारखी पडतील. इद्वल असता तर एकाने जास्त झालो असतो. सारखी पडली की सभापती जुन्या रिवाजाने आहे ते तसंच ठेवतात, म्हणजे विधेयक मेलं. त्याच्या जागेची पोटनिवडणूक कधी लागेल ते कोणी सांगत नाही. गेथिनला तेवढा वेळ नाही. डॉक्टर त्याच्या बायकोला जे बोलले ते मी भिंतीतून ऐकलंय.

मला हे लिहायला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या पक्षातल्या कोणाला ठाऊकही नाही, आणि तुम्ही काहीही केलंत तरी मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही ऐकलंत तर तुमचा पक्ष पुढच्या वेळी तुम्हाला उभं करणार नाही, हेही मला कळतं. मी भोळी नाही.

पण जोड्या रद्द केल्या त्या पक्षांनी. तुम्ही आणि इद्वलने चहाच्या खोलीत हात मिळवले ते काही पक्षांना विचारून नव्हे. तुमच्यापैकी एक जण येणार नसेल तर दुसऱ्यानेही यायचं नाही, एवढंच ठरलं होतं तुमचं. त्याने ते प्रत्येक वेळी पाळलं.

इद्वल शुक्रवारी येणार नाही, जर्व्हेस. तुम्हीही येऊ नका.

तुमच्या जोडीदाराची बायको,
नेस्टा पॅरी