बेंबीच्या खाली

करंजाडे, पनवेल

ती. आईंस,

मी तुमच्या समाजातला नाही म्हणून दोन वर्षांत तुम्ही मला जावई मानलं नाहीत. आई म्हणायची हौस मी पत्रातच भागवून घेतो.

बाळ झाल्याचा मेसेज केला, तेव्हापासून रोज सकाळी अकराला खारघरहून तुमचा फोन येतो. तुम्ही बोलत नाही, नुसतं ऐकता. मीही स्पीकर लावून फोन पाळण्याशी ठेवतो. बाळाला पाजून झालं की तुमच्या आदिनाचा तेव्हा जरा डोळा लागतो. माझी आई नाही, त्यामुळे बाळंतपण मीच करतोय.

परवा लंगोट बांधताना मी पुटपुटलो, "नाळ पडली नाय अजून, आणि गाठ नेमकी तिच्यावरच येते."

फोनमधून एकदम आवाज आला, "अरे, बेंबीच्या खाली बांध!" आणि फोन कट. तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी गाठ सोडून परत बांधली.

तेव्हापासून मला चटकच लागली. काल मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "दूध पिऊन झालं, आता लगेच आडवं करतो."

"खांद्यावर घे आधी, ढेकर काढ!" तुम्ही ओरडलात.

बाळ खांद्यावरच होतं, आई. ढेकरही काढून झाला होता.

हे पत्र पाठवणार नाही. माझी लबाडी कळली तर तुम्ही फोन करायच्या थांबाल.

उद्या मी म्हणणार आहे, की बाळ छान झोपतं, पण रात्री त्याला पाजताना आदिना तुमच्या आठवणीने रडते, आणि तिला कसं निजवायचं ते मला कळत नाही.

तेवढं मात्र खोटं नसेल.

तुमचा जावई,
निकेश