माझ्या हातातली चिप आणि तीनशे बारा किल्ल्या

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुलूप-किल्ली, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तर बहात्तरच्या पुढे तेच चुकले. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी मुद्दाम उलटे लिहिले असते. याआधीचे दोन्ही कागद रद्द समजावेत. या तिसऱ्याचीही दोन पाने सकाळपासून फाडून झाली आहेत.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या मी स्वकष्टाने घेतल्या. त्या, आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. तिने खुशाल विकावे. जिन्याची चौथी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. कानशी, पकडी आणि किल्ली कापायचे यंत्र तंत्रशाळेला द्यावे. भिंतीवर माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ३. माझा धाकटा भाऊ. हातात टोचून बसवायची, दारे उघडणारी आणि येणेजाणे नोंदवणारी जी चिप, तिच्या विरोधातल्या समितीचा मी अध्यक्ष आणि तो चिटणीस. "माणसाच्या कातडीच्या आत कोणालाही पाय ठेवू देणार नाही," हे वाक्य त्याचे, आणि टाळ्याही त्यालाच. त्याने मात्र कचेरीच्या दारात रांग नको म्हणून गुपचूप चिप बसवून घेतली आणि हाताला पट्टी बांधून तीन सभा गाजवल्या. कोणी विचारले तर मांजर चावले म्हणे. त्याच्या घरी मांजर नाही. समितीचा भोंगा त्याला द्यावा. त्याला माफ केले असे लिहिणार होतो, पण ते अजून जमलेले नाही.

कलम ४. हे लिहिताना दोनदा उठून दाराची कडी पाहून आलो. कपाटातल्या लाकडी पेटीत तीनशे बारा किल्ल्या आहेत. आमच्या धंद्यात जुनी रीत होती: गिऱ्हाईकाला एक किल्ली करून द्यायची आणि तशीच दुसरी आपल्याकडे ठेवायची. हरवली तर धावाधाव नको. गिऱ्हाईकाला विचारायची पद्धत नव्हती. मी याला सेवा म्हणत आलो.

इस्पितळांत चिप सक्तीची करावी का, यावर आठ वर्षांपूर्वी जाहीर सुनावणी झाली. चिप बनवणाऱ्या कंपनीचा अधिकारी म्हणाला, नोंदी आम्ही फक्त गरजेपुरत्या जपून ठेवतो. मी उठलो आणि म्हणालो, न विचारता दुसऱ्याची किल्ली ठेवणारा चोरच. सभागृह दणाणले. माझी मुलगी चिप टोचणाऱ्या नोंदणी केंद्रात परिचारिका आहे, तीही त्या दिवशी तिथे होती. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"बाबा, माझ्या टेबलाच्या खणाची किल्ली तुमच्याकडे आहे. मला विचारून ठेवली होती?"

मी खाली बसलो. खरे ते लिहितो. ती बावीस वर्षांची असताना मी तो खण उघडून तिला आलेली पत्रे वाचली, आणि ज्याच्याशी ती लग्न करणार होती त्याला परस्पर भेटून वाटेला लावले. त्याने पुन्हा पत्र लिहिले नाही. पुढे तिच्याशी वाद घालताना पत्रातले एक वाक्य माझ्या तोंडून गेले, तेव्हाच तिला सगळे कळले. सुनावणीनंतर तिने माझ्याशी बोलणे टाकले. चूक माझी होती, तिची नव्हती. वकिलांनी प्रत्येक किल्ली ज्याची त्याला परत करावी. मालक न सापडल्यास ती वितळवावी. तिच्या खणाची मी परवाच वितळवली.

कलम ५. दोन वर्षांपूर्वी बायको इस्पितळात होती आणि चिपशिवाय भेटणाऱ्याला आत सोडत नव्हते. माझे तत्त्व तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी केंद्रात गेलो, तर सुई घेऊन समोर माझी मुलगीच.

"उजवा की डावा?" तिने विचारले.

"डावा," मी म्हणालो.

बोलणे एवढेच झाले. टोचल्यावर तिने कापूस धरला, तो गरजेपेक्षा जरा जास्त वेळ धरला. तेव्हा काही बोललो असतो तर बरे झाले असते. बायको चाळीस दिवसांनी गेली. चिप अजून अंगठ्याजवळ आहे, बोटाला लागते, आणि दिवसातून दहा वेळा मी ती चाचपतो.

कलम ६. माणूस गेल्यावर त्याच्या येण्याजाण्याची नोंद वारसाला मागता येते. नको असल्यास तसे लिहून बंद करता येते. समितीचे म्हणणे असे, की अध्यक्षाची नोंद बंदच राहिली पाहिजे, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व मला अजून मान्य आहे. तरीही माझी नोंद फक्त माझ्या मुलीला खुली राहावी, तीही तिने मागितली तर. कोणी आग्रह करू नये.

तिला त्यात दर रविवारी दुपारी तिच्याच इमारतीच्या फाटकाची वेळ दिसेल. कधी नऊ मिनिटे, कधी अकरा. असे नव्वदच्या वर रविवार. वर गेलो नाही, बेल वाजवली नाही. मी आलो होतो एवढे ते यंत्र सांगेल. कशाला आलो होतो ते त्याला ठाऊक नाही, म्हणून मी लिहितो: मुली, तुझी माफी मागायला आलो होतो. हिंमत झाली नाही.

पुरवणी. साक्षीदार क्रमांक एक ही शेजारची शिवणवाली. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, त्यामुळे तिचा बारा वर्षांचा चहा फुकट गेला. कायद्याने तिला फक्त माझी सही पाहायची होती, तिने सगळा कागद वाचला. मग चष्मा काढून म्हणाली, "हे कळायला तिने तुमच्या मरणाची वाट का बघायची?"

मी पुन्हा पेन उचलले आणि ही पुरवणी लिहिली.

साक्षीदार १: शिवणवाली, शेजारचे दुकान (सही)
साक्षीदार २: डॉक्टर, समोरचा दवाखाना (सही)
मृत्युपत्र करणार: कुलूपवाला (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक चौदा, वार रविवार, दुपारचे साडेतीन. तिच्या घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटे लागतात. आज बेल वाजवणार आहे.