डावीकडची खूण

मंगळवार, ४ मार्च

शोधनिबंधावर माझं नाव! तेवीस वर्षं पक्ष्यांच्या मेंदूचे काप काढतेय, पण आजवर आभाराच्या ओळीतसुद्धा नव्हते. आज सरांनी कागदच दाखवला — आधी चिमणी, मग मी, शेवटी सर. चिमणी म्हणजे आमची पीएचडीची मुलगी. आवाजावरून मीच ठेवलेलं नाव. "मावशी, आता मॅडम म्हणायचं का तुम्हाला?" म्हणाली.

ह्यांना सांगितलं. पारव्याच्या मेंदूचे दोन अर्धे, मध्ये तंतूंचा बारीकसा पूल. उजवीकडून डावीकडे जाणारे तंतू भरपूर, उलटे अगदी थोडे — हा आमचा शोध. "आपल्या घरासारखंच की," म्हणे. "बोलणं सगळं एकाच बाजूने!"

गुरुवार, ६ मार्च

निबंधासाठी जुने फोटो काढत होते. पाच नंबरच्या पारव्याचा पाहिला आणि खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला.

मेंदू बाहेर काढला की डाव्या अर्ध्याला मी सुईने टोचून खूण करते. काप पाण्यात उलटेपालटे होतात, मग डावं-उजवं त्या खुणेवरूनच कळतं. तंतूंमधून हळूहळू सरकत जाणाऱ्या रंगाचा कण कुठल्या बाजूला ठेवायचा, तेही चिमणी खूण बघूनच ठरवते. पण त्या दिवशी सरांना खालच्या बाजूचे फोटो हवे होते, म्हणून पाच आणि सहा नंबरचे मेंदू बशीत उताणे होते. आणि मी सवयीने माझ्या डाव्या हाताकडे टोचलं. उताण्या मेंदूची ती उजवी बाजू! फोटोत स्पष्ट दिसतंय.

सहापैकी दोन, आणि सगळ्यात जास्त फरक ह्याच दोघांत. ते सुधारून मोजलं तर दोन्हीकडून तंतू जवळजवळ सारखेच. मग शोध कसला?

शुक्रवार, ७ मार्च

फोटो पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

सोमवार, १० मार्च

परवा निबंध पाठवायचा. "हा गेला की मी सुटले, मावशी," चिमणी म्हणाली. माझा डबा तिच्यापुढे सरकवला. फोटो फाडून टाकला तर? कोणाला कळणार आहे! — हे मी लिहिलं? दुसऱ्याने एक काप उलटा लावला तर आकाशपाताळ एक करणारी मी!

ह्यांना विचारलं. "तुझं ठरलेलं दिसतंय. मला कशाला मध्ये घेतेस?" असा राग आला!

मंगळवार, ११ मार्च

सांगितलं. दोघांसमोर फोटो ठेवला. चिमणी पांढरीफटक पडली. सरांनी फोटो उचलून जवळ धरला. मग म्हणाले, "बाई, बरं झालं वेळेत सांगितलंत. आता आम्ही बघतो." फोटो त्यांनी खणात ठेवला. रागावले नाहीत! जीव भांड्यात पडला. नवे पारवे घ्यावे लागतील, रंग सरकायला पुन्हा काही महिने. करू. सुट्टीच्या दिवशीही येईन.

बुधवार, २ एप्रिल

चिमणी माझ्याशी धड बोलत नाही. डबाही खाली जाऊन खाते. साहजिक आहे, तिचं वर्ष गेलं माझ्यापायी.

शुक्रवार, २० जून

पारव्यांची खोली अजून रिकामीच. सर म्हणतात, "मंजुरी यायची आहे, घाई काय?"

बुधवार, १३ ऑगस्ट

निबंध छापून आला. सहाच्या सहा जुनेच पारवे आहेत त्यात, शोधही तोच. माझं नाव तेवढं नाही.