हळदीच्या गाण्यात तुझं नाव

मत्रह, मस्कत
फेब्रुवारी २०१४

सकीनाआपा,

"मस्कतात आपली गाणी कोण म्हणणार? सीडी लाव," असं म्हणून तू माझ्या लेकीच्या, मुनिबाच्या लग्नाला आली नाहीस. म्हणून मुद्दाम लिहिते.

हळदीला ढोलकी शेजारच्या बलुची बाईने घेतली. वरच्या मजल्यावरची झांजिबारची झुवेना टाळ्यांचा असा ठेका देत होती की आपल्या रत्नागिरीच्या बायकाही उठून नाचल्या. गाणं अम्मीचंच, पण सगळी बंदरं फिरून आल्यासारखं. अम्मी असती तर तिनेही पदर खोचला असता. अशी हळद आपल्या गावात कुणाची झाली नाही.

एकेकीचं नाव घेत, तिच्याकडून हळद लावून घेत आम्ही खालाच्या, म्हणजे तुझ्या, कडव्याशी आलो. मी गप्प राहिले. तुझं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंच होतं.

झुवेनाला आपलं भांडण ठाऊक नाही. भांडणाआधी मीच तिला सगळी नावं शिकवली होती. तिने आपल्या स्वाहिली हेलात "सकीना खाला" म्हटलं आणि सगळ्या बायकांनी ते उचललं.

हे पत्र मी टाकणार नाही, तू डोक्यावर बसशील. पण तुझ्या वाटणीची हळद मुनिबाला मीच लावली.

तुझीच,
नूरबानू