कंसाचं तोंड धुवायचं असतं

चाकण
ता. २२ एप्रिल २०२५, मंगळवार

चि. ऋतिक यास तानाआत्याचे अनेक आशीर्वाद.

गोरक्षदादाचे गुडघे कसे आहेत? निगडीच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतो, की खुंटीला लावून ठेवलाय? वहिनीचा खोकला थांबला का? सोनलच्या पोटात आता काही ठरतं का? तिच्यासाठी आवळासुपारी पाठवते. तुझा घसा बराच असणार. परवा व्हिडिओत ऐकला, चांगला खणखणीत होता.

इकडे आम्ही आहोत. तेजल माझ्याकडेच आहे. मनगटाचं प्लास्टर अजून निघायचंय.

फोनवर तू "हो आत्या, बरोबर आत्या" करून मला गुंडाळतोस, म्हणून कागद घेतला.

तुझं ते गुंठामंत्र्याचं गाणं आलं तेव्हा भजनातल्या बायका मला म्हणाल्या, "तानाबाई, तुमचा भाचा बायकोला हाणतो म्हणं. सोताच गातोय की." ताथवड्यात तर शेजारणी सोनलच्या हातावर वळ आहेत का ते बघून गेल्या, तिनंच सांगितलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "माझ्या बापानं जत्रेत उभी हयात कंसाचं सोंग काढलं. म्हणून काय त्यानं बहिणीची पोरं आपटली? गाणारा निराळा न् गाण्यातला निराळा."

"पण लई खरं गातंय, बाई."

"खरं गातंय म्हंजे चांगलं गातंय," मी म्हणाले.

आणि गाणं चांगलंच आहे. भाकरी थापताना माझ्याही तोंडात येतं. जमीन विकून गळ्यात साखळी घातलेला तो बाबा छाती काढून सांगतो, "घर माझं, दार माझं, बायकोनं फक्त हो म्हणायचं." शेवटच्या कडव्यात बायको निघून जाते, नि हा रिकाम्या घरात भिंतींवर ओरडत बसतो. भिंतीसुद्धा हो म्हणत नाहीत. त्या कडव्याला मी पोट धरून हसले होते. पार फजिती केली होतीस त्याची.

मग आमच्या जावयाच्या, सिद्धेशच्या वाढदिवसाला ते कडवं कुठं गेलं?

आता स्पष्टच लिहिते. तेजल जिन्यावरून पडली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पण तुला कळलं नव्हतं असं नको म्हणूस. भेटायला आलास तेव्हा तू तिच्या हाताकडं बघितलंस आणि चहा तसाच ठेवून उठलास. त्यानंतर आठवडाही गेला नाही, तोच जावयाच्या स्टेजवर तू. परवाच्या त्या व्हिडिओत तो तुझ्या गळ्यात हात टाकून म्हणतो, "भावा, शेवटचं रडगाणं नको, पब्लिकचा मूड जातो." आणि तू हसून म्हणतोस, "चालतंय की, दाजी."

कडवं गेलं. राहिला तो छाती काढणारा, आणि खाली नाचणारी त्याच्यासारखीच पोरं. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय म्हणतात. तू तर डोळे उघडे ठेवून दळलंस.

आमच्या बाबांचं सांगते. सोंगातला कंस मेला की बाबा चावडीपुढं पाटावर बसायचे, आणि आईनं सगळ्यांदेखत त्यांचं रंगवलेलं तोंड धुवायचं. मगच लोक उठायचे, अशी गावाची रीत. एका साली कुणी म्हणालं, "असू दे की रंग, झ्याक दिसतोय." बाबा म्हणाले, "असाच घरी गेलो तर पोरं बाप कुणाला म्हणतील?"

रंग आणि तोंड एक समजू नका म्हणून मी गावभर भांडत फिरले. आणि तू रंग न धुताच जेवायला बसलास, तेही त्याच्याच पंगतीला. माझा राग गाण्यावर नाही. तुझ्यावर आहे.

येत्या रविवारी सिद्धेशकडची माणसं तेजलला परत न्यायला बैठकीला येणार आहेत. त्यानं निरोप धाडलाय, "बायकोला कसं ठेवायचं ते तुमच्याच घरचं पोरगं गातंय, मग मला काय शिकवता?" तेजलनं हे ऐकलं आणि आत जाऊन एका हातानं बॅग भरायला लागली. "ऋतिकदादापण त्यांचाच हाय की, आई," एवढंच बोलली.

बॅग मी हिसकावून घेतली. पण घरात बाप्या माणूस नाही. दहा जणं बोलायला लागली की माझं एकटीचं किती चालणार, आणि ही तर आताच मान खाली घालून बसलीय. एकदा ती परत त्या घरात गेली की पुढच्या खेपेला नुसतं मनगट असेल असं मला वाटत नाही.

तू ये. माफी मागू नकोस, गाणं म्हणू नकोस, व्हिडिओ तर मुळीच काढू नकोस. सतरंजीवर तेजलच्या शेजारी बस. सिद्धेशनं "भावा" म्हटलं की त्याला सगळ्यांदेखत सांग, गाण्यातला तो माणूस कोण आहे ते.

नाही आलास, तर भजनातल्या बायका म्हणतात ते मी यापुढं खोडून काढणार नाही.

पत्र शेजारच्या गणराजकडे देतेय, तो कामाला तिकडंच येतो. त्याच्याच हाती लवकर उत्तर दे, शनिवारच्या आत. दोन ओळी पुरेत. फोन करू नकोस, तेजलला दाखवायला मला तुझं अक्षर हवंय.

तुला अजून निराळा समजणारी
तुझी आत्या,
तानाबाई