चौथा नंबर, अंडर प्रोटेस्ट

शनिवार, १० जानेवारी. सकाळी ६.१०
आइस स्केटिंगच्या रिंकवर. बाहेर स्वेटरपुरती थंडी, आत फ्रीज. मी मफलर, कानटोपी, दोन जर्किन. लेक यम्ना बर्फावर. वय अकरा. २०३४च्या हिवाळी ऑलिम्पिकला एकोणीस. हिशेब चोख बसतो. भारताकडून खेळायचं की अमिरातीकडून, ते दोघांकडून विचारणा झाली की ठरवू. पासपोर्ट वगैरे किरकोळ गोष्टी नंतर.

आजपासून रोजनिशी. पुढे पत्रकार खोदून विचारतील, तेव्हा तारखा हाताशी हव्यात. शिवाय क्लबचं नियमपुस्तक पाठ करायचं (१४० पानं) आणि कँटीनचा समोसा बंद.

दुपारी १
नियमपुस्तक, पान ४. समोसा एकच.

मंगळवार, १३ जानेवारी
फुजैरा बंदर, ड्यूटीवर. जहाजात तेल भरताना तेल आणणाऱ्या बार्जचं माप आणि जहाजाचं माप आजवर कधी जुळलेलं नाही. मग लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत. सोळा वर्षांत मी नऊशेच्या वर लिहिली असतील. एकाचंही उत्तर आलं नाही. येत नसतंच. सही करताना 'अंडर प्रोटेस्ट' लिहायचं, फाइलला लावायचं, घरी यायचं. उद्या काही झालं तर आपण गप्प बसलो नव्हतो, एवढं कागदावर राहतं. ऑफिसातली नवी पोरं न वाचता सही करतात. गाढवं.

शनिवार, १७ जानेवारी
नोटीस लागली. पुढच्या शनिवारी निवड. चार मुली एप्रिलमध्ये बँकॉकला स्पर्धेसाठी जाणार. पहिली येईल ती उद्घाटनाला क्लबचा झेंडा धरणार. झेंडा यम्नाच्या हातात. विषय संपला.

तीन परीक्षक आहेत. एक लेबनानी बाई, सारखी घड्याळ बघते. एक फिलिपिनो गृहस्थ, सगळ्यांकडे बघून हसतो, म्हणजे स्वतःचं मत नाही. तिसरी फिनलंडची. तिला या रिंकवर थंडी वाजत नाही. असल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

आमच्याच बिल्डिंगमधल्या अनिलची तनयाही उतरतेय. अनिल बँकेत आहे, रिंकवर येऊन शब्दकोडं सोडवतो. दीड फिरकीच्या उडीला काय म्हणतात तेही त्याला माहीत नव्हतं. अॅक्सल, मी सांगितलं. चांगलं नाव आहे, म्हणाला. असे पालक!

बुधवार, २१ जानेवारी
बर्फ स्वतः अनुभवल्याशिवाय परीक्षकांच्या चुका पकडता येणार नाहीत, म्हणून संध्याकाळी भाड्याचे बूट घालून उतरलो. चार मिनिटं. मनगटाला क्रेप बँडेज. डाव्या कोपऱ्यात बर्फ सपाट नाही, हे मात्र सिद्ध झालं. अन्वरी म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. खेळाचं शास्त्र बायकोला कोण समजावणार!

शनिवार, २४ जानेवारी. सकाळी ११.३०
झालं. यम्ना सर्वांत उजवी. मी समोरच्या बाजूने, परीक्षकांच्या बरोब्बर पलीकडून, सगळं स्लो मोशनमध्ये टिपलं. अॅक्सलवरून उतरताना तिने उजवा हात अलगद बर्फाला लावला. काय नजाकत! परीक्षकांकडे नेमकी तिची पाठ होती. म्हणजे शैलीचे मार्क बुडाले. आंधळ्यांसमोर नाचायचं म्हटलं की हे असंच.

नियमपुस्तक, पान ११. समोसे तीन. टेन्शन होतं.

रविवार, २५ जानेवारी
चौथी.

यम्ना ३१.४०. पाचवी तनया ३१.१५. यम्नाने घरभर उड्या मारल्या, इंग्रजीत ओरडली की ती बँकॉकला जाणार, शाळेच्या ग्रुपवर टाकलं, नवी बॅग काढून पलंगावर ठेवली. पोर लहान आहे, अपमान कळत नाही. अन्वरीने शिरखुर्मा केला. ईद नसताना.

मोठ्या देशांतही हेच चालतं. तिसरी आलेली घरी बसते आणि निवड समिती चौथीला ऑलिम्पिकला पाठवते. गेल्या आठवड्यात यूट्यूबवर ते पाहून मी संतापलो होतो. आता वाटतं, त्या समितीला थोडीफार अक्कल असावी. पण चौथ्या नंबराला झेंडा कुठेच देत नाहीत.

सोमवार, २६ जानेवारी
क्लबचा स्वीकृतीचा फॉर्म आला. सही केली. खाली सवयीने आणि तत्त्वाने लिहिलं: अंडर प्रोटेस्ट. सोबत दोन पानी लेटर. मुद्दे सात. सातवा मुद्दा, शैलीचे मार्क. पुराव्यादाखल माझा व्हिडिओ जोडला, मिनिट आणि सेकंदासकट. ईमेल क्लबला, सीसी कोचबाईंना, परीक्षकांना आणि स्वतःला.

अन्वरीचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. मी म्हटलं, लागतंय कोण? हे नुसतं देऊन ठेवायचं असतं. कोणी वाचत नाही. हिला शिपिंग कळत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी
वाचलं.

क्लबचं उत्तर आलं. आक्षेपाबद्दल आभार, म्हणे. नियम ४१ प्रमाणे यम्नाच्या संपूर्ण कार्यक्रमाची व्हिडिओ तपासणी होणार. तिन्ही परीक्षक आणि कोचबाई बसणार. सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या लेटरची दखल घेतली. डोळे भरून आले, खरं सांगतो. ऑफिसात दोघांना मेल फॉरवर्ड केला. एकाने लाइक दिलं.

यम्नाला सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं, तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी? मी म्हटलं, थँक यू नंतर म्हण.

शनिवार, ३१ जानेवारी
रिंकवर कोचबाईंनी बाजूला घेतलं. कझाकस्तानच्या आहेत, तोडकंमोडकं हिंदी बोलतात. म्हणाल्या, मुनीर भाई, आज दुपारपर्यंत वापस लो, प्लीज. मी म्हटलं, मॅडम, सत्य वापस नहीं होता. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बहुधा असा पालक पाहिला नसेल.

नियम ४१ बघावा म्हणून पुस्तक उघडलं. पान ९७ वर आहे. मी क्रमाने वाचतो. मधली पानं गाळणं माझ्या शिस्तीत बसत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ४
आज तपासणी. झेंडा धरतानाच्या फोटोसाठी यम्नाला कुठला ड्रेस शोभेल, यावर अन्वरीशी बोलायला गेलो. ती कपडे इस्त्री करत होती, करत राहिली.

शनिवार, ७ फेब्रुवारी
निकाल नोटीसबोर्डावर. यम्ना ३०.१०. पाचवी.

कारणही छापलंय. अॅक्सलची फिरकी पाव कमी, आणि उतरताना हात बर्फाला टेकला, जो परीक्षकांच्या जागेवरून दिसत नव्हता. स्रोत: पालकांनी सादर केलेला व्हिडिओ. खाली नियम ४१ पूर्ण छापलाय, की लेखी आक्षेपानंतर गुण वाढू शकतात तसेच कमीही होऊ शकतात. हे वाक्य पान ९७ वर कोण लपवतं? पहिल्या पानावर, लाल अक्षरात नको?

लेबनानी बाई आज घड्याळ न बघता माझ्याकडे बघत होती. फिलिपिनो हसला नाही. फिनलंडवालीने मात्र येऊन सांगितलं, तुमचा कॅमेरा फार चांगला आहे. टोमणा आहे का, अजून ठरत नाही.

गाडीत यम्ना मागे बसली. मी म्हटलं, या लोकांची लायकीच नाही, आपण दुसरा क्लब बघू, अबूधाबीत आहे एक. अल कुसैसला, बिल्डिंगखाली पोचलो. गाडी लावल्या लावल्या उतरली, दुसऱ्या मजल्यावर गेली, आणि तनयाला स्वतः सांगून आली की तुझं सिलेक्शन झालंय. तनया रडली म्हणे. निवड झाल्यावर रडतात! ही यांची मानसिक तयारी.

मग यम्नाने पलंगावरची बॅग उचलली आणि कपाटावर ठेवली. हात पुरत नव्हता. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, नो.

रविवार, ८ फेब्रुवारी
अनिल आला. बसला नाही. म्हणाला, मुनीर, तू म्हणत असशील तर मी क्लबला लिहितो, तनया जाणार नाही, यम्नालाच न्या. माणसाकडे महत्त्वाकांक्षा नावाची चीजच नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

अन्वरी आतून आली. अनिलभाई, तनया जाणार, यम्नाने तसं सांगितलंय, खलास, म्हणाली. मग माझ्याकडे वळून, तुम्ही आता कशाचाही विचार करू नका. अनिलला चहा दिला. मला विचारला नाही.

कप घेताना अनिलने एवढंच विचारलं की यम्ना जेवली का. मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी
फुजैरा. बार्जचं माप तीन टन कमी. नव्या पोराने विचारलं, सर, प्रोटेस्ट टाकू? मी म्हटलं, आधी नीट मोज. दोनदा मोजलं. माप बरोबर होतं, चूक आमच्या बेरजेत होती. असल्या आणखी किती निघतील, हा विचार लगेच झटकला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
मला वाटलं होतं, यम्ना आता स्केटिंग सोडेल. सोडलं असतं तर बरं झालं असतं. एका गुणी मुलीचं करिअर क्लबने संपवलं, असं मला चारचौघांत सांगता आलं असतं. सोडलं नाही. आज तिने बुटांची पाती पुसली, उद्याचे मोजे काढून ठेवले.

मी म्हटलं, उद्या पावणेसहाला निघू. तिने आईकडे पाहिलं. अन्वरी म्हणाली, आम्ही दोघी जातो. मी म्हटलं, तुला गाडी कुठे येते? ती म्हणाली, टॅक्सी येते. पस्तीस दिरहम होतात, म्हणजे साडेआठशे रुपये, एका बाजूचे, मी सांगितलं. अन्वरीने पर्समधले सुटे मोजले.

ठीक आहे. त्यांनाही कळू दे, माझ्याशिवाय काय होतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी. सकाळी ५.५०
साडेपाचला उठलो. सवय. मफलर गुंडाळला, मग काढला. दोघी गेल्या. मी बाल्कनीत. गाडी खाली उभी, टाकी फुल.

फुटपाथवर यम्ना खांद्याला बूट लटकवून उभी होती. मी हात हलवला. खालून तिनेही हात वर केला. बरं वाटलं.

मग टॅक्सी थांबली.