साखरीच्या खोगिराखालचे तांदूळ

अहो,

आज सकाळी भाऊजींनी तुमच्या फोटोसमोर उभं राहून माझी तक्रार केली. "दादा, वैनीनं भर रस्त्यात आपली अब्रू घालवली की!" म्हणाले आणि वर हारही घातला. हारापाठोपाठ माझी बाजूही तुमच्याकडे पोचावी म्हणून लिहायला बसले आहे. सातवी पास आहे मी, तुम्ही विसरला असाल!

काल शिवाजी पेठेत लग्न होतं. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेणारा परण्या निघायचा होता, आणि घोडी आपली साखरी. तुम्ही गेल्यापासून तिचा लगाम भाऊजींच्या हातात. वर्षभरात तिची पाठ कितीदा सोलली, सांगू? पांढरी घोडी, आत गुलाबी कातडी, माशी बसली तरी शहारते. भाऊजींचं एकच पालुपद, हिची कातडीच कुचकामी, आणि नवरदेव आता ॲम्बॅसडरमधून जातात, विकून टाकू. ती गेली की मी काय करायचं? दिराच्या चुलीपुढे राबत बसायचं?

तुमचंही थोडं चुकलंच हं. खोगीर सरकतंय म्हटलं की तुम्ही खाली आणखी एक गोधडी कोंबायचात आणि पोटाखालचा पट्टा, तो तंग, करकचून आवळायचात. मी दारातून म्हणायची, "जाड केलं की उलट जास्तच डुलतंय ओ त्ये." तुम्ही हसायचात. "तू भाकरीचं बघ की!" आणि परत आल्यावर हळद-तेल घेऊन तिच्या पाठीशी बसायचात, डोळ्यांत पाणी आणून. आधी ऐकलं असतंत तर?

म्हणून काल मीच गेले. भाऊजींनी घातलेल्या गोधड्या काढून टाकल्या. एकच घोंगडं, स्वच्छ धुतलेलं, केसांच्या दिशेनं मागे ओढत अंथरलं. कण्यावर दाब येऊ नये म्हणून मधोमध जरा वर उचललं. तंग थोडा थोडा आवळला, बोटं आत जातील इतकाच. मग तिचे पुढचे पाय एकेक करून पुढे ताणले, म्हणजे पट्ट्याखाली कातडीची घडी राहत नाही. खोगीर मागे घसरू नये म्हणून छातीवरून पट्टा घेतला.

तेवढ्यात नवरदेवाच्या आत्यानं माझं मोकळं कपाळ पाहिलं. "अगं बया! ही लगाम धरनार व्हय? आमच्या पोराच्या लग्नात?"

भाऊजी लगेच पुढे. "वैनी, तुम्ही मागं व्हा. मी धरतो."

"घोडी माझी हाय," मी म्हटलं. "मी न्हाय, तर घोडीबी न्हाय!"

बँडवाले वाजवायचे थांबले. तुम्ही तिथे असता तर माझ्या बाजूनं बोलला असतात? खरं सांगा! मुहूर्त जवळ आलेला, ऐन वेळी दुसरी घोडी कुठून आणणार? तोंडं वाकडी करून निघाले सगळे, आणि मी पुढे.

वाटेत दारोदारी बायका नवरदेवाला ओवाळत होत्या, डोक्यावर अक्षता टाकत होत्या. चार घरं झाली आणि साखरीनं पाठ आखडली, शेपूट फटकारलं. मला चटकन उमगलं. तांदूळ घरंगळून खोगिराखाली जात होते आणि माणसाच्या वजनाखाली तिला घासत होते. प्रत्येक लग्नात हेच होत होतं, आणि वाटेत कुणी खोगीर उचलून पाहिलं नव्हतं. मी घोडी थांबवली. नवरदेवाला म्हटलं, "उतरा."

देवळात पोचण्याआधी नवरदेवानं जमिनीला पाय लावायचा? केवढा गदारोळ! आत्याबाई तर कपाळ बडवायला लागल्या. "अपशकुन केलास की गं!"

"अपशकुन न्हवं, तांदूळ हाईत," मी म्हटलं आणि घोंगड्याखालचे दाणे गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवले. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्या बोलतच राहिल्या. तोवर मी साखरीची पाठ हातानं पुसली, सगळं पुन्हा नीट बसवलं आणि नवरदेवाला वर चढवलं.

घरी येऊन खोगीर काढलं. पाठ घामानं ओली होती, पण एक केससुद्धा उडाला नव्हता! तिच्या गळ्यात पडून मी रडले. लोकांच्या बोलण्यानं नाही हो. हे तुम्हाला दाखवता आलं नाही म्हणून.

आज दुपारी जयसिंगपूरचे एक पावणे आले होते. लग्नाला घोडी पाहिजे, पण बाई नको म्हणाले. चहा पाजून वाटेला लावलं.

आता नीट ऐका. साखरी विकली जाणार नाही. ती जिथे जाईल तिथे लगाम धरून मी पुढे असेन, आणि तिला टोचतंय असं दिसलं तर राजाच्या पोरालाही रस्त्यात उतरवीन. तबेल्याच्या दारावरच्या पाटीवर तुमच्या नावाच्या जागी भाऊजींना स्वतःचं नाव घालायचं आहे. रंगाचा डबाही आणून ठेवलाय. उद्या त्याच रंगानं मी माझं नाव लिहिणार आहे. तुमचं खाली राहील, जरा लहान अक्षरात. रागावू नका!

तुमची,
सोनाबाई घोडीवाली